साक्षीदारांचे वजन आणि सायबेरियातील लोखंड

अशनींचे विज्ञान प्रयोगशाळेत जन्मले, असे आपण गृहीत धरतो. माझे मत निराळे आहे. ते एका ग्रंथालयात जन्मले आणि त्यामागची पद्धत आपलीच, म्हणजे इतिहासाच्या अभ्यासकाची होती. मित्रहो, आजचा धागा त्याविषयी.

१७४९ साली सायबेरियात क्रास्नोयार्स्कच्या दक्षिणेस, याकोव्ह मेद्वेदेव नावाच्या लोहाराला डोंगरावर सुमारे ७०० किलो वजनाचा लोखंडाचा गोळा आढळला. त्याने तो मोठ्या कष्टाने आपल्या गावी आणला. १७७२ मध्ये पीटर सायमन पालास हा निसर्गअभ्यासक त्या प्रदेशात फिरत असताना त्याने तो पाहिला. लोखंड स्पंजासारखे सच्छिद्र होते आणि प्रत्येक पोकळीत पिवळसर, पारदर्शक ऑलिव्हीनचे स्फटिक बसलेले होते. स्थानिक तातार लोक त्या गोळ्यास पवित्र मानीत. तो आकाशातून पडला, असे त्यांचे म्हणणे होते. पालासने हे म्हणणे टिपून ठेवले, मात्र स्वीकारले नाही. टिपून ठेवले, एवढ्यासाठीच आपण त्याचे ऋणी असावे.

खरे कोडे त्या स्फटिकांचे होते. भट्टीतून उतरलेल्या लोखंडात मळी सापडते. असे काचेसारखे स्वच्छ, गोलसर स्फटिक सापडत नाहीत. ज्वालामुखी म्हणावा, तर जवळपास तो नाही. मग हे आले कोठून?

या प्रश्नास हात घातला अर्न्स्ट क्लाडनी याने. ध्वनिशास्त्रासाठी तो आज प्रसिद्ध आहे, परंतु वडिलांच्या आग्रहामुळे त्याचे शिक्षण झाले होते कायद्याचे. १७९३ मध्ये ग्योटिंगेन येथे लिख्टेनबर्गशी अग्निगोलांविषयी चर्चा झाल्यावर तो तेथील ग्रंथालयात सुमारे तीन आठवडे बसला आणि जुनी वृत्ते धुंडाळू लागला. निरनिराळ्या शतकांतील, निरनिराळ्या देशांतील, परस्परांशी कोणताही संबंध नसलेली माणसे तीच गोष्ट सांगत होती: झगझगीत गोळा, मेघगर्जनेसारखा आवाज आणि मग खाली पडलेले दगड वा लोखंड. न्यायालयात अशा साक्षी ग्राह्य ठरतात, मग येथे का नाही? १७९४ मध्ये त्याने पालासच्या लोखंडावरील आपली पुस्तिका प्रसिद्ध केली. त्याने ना दुर्बीण वापरली होती, ना रसायने. साधनांची तुलना आणि साक्षीची छाननी, एवढेच त्याचे भांडवल.

पुस्तिकेची प्रथम थट्टाच झाली. त्याआधी फ्रान्समध्ये ल्यूसे येथे पडलेल्या दगडाविषयी लाव्हाझिए व त्याच्या सहकाऱ्यांनी तो विजेने भाजलेला पृथ्वीवरचाच दगड असल्याचा निर्वाळा दिला होता. १७९० मध्ये बार्बोतां येथे पडलेल्या दगडांविषयी शेकडो ग्रामस्थांची साक्ष लेखी नोंदवली गेली, तेव्हा विद्वानांना गावकऱ्यांच्या भाबडेपणाची कीव आली.

या विद्वानांना मूर्ख ठरवणे सोपे आहे, पण अन्यायाचे होईल. ज्या जुन्या बखरींत दगड पडल्याचे लिहिले होते, त्यांतच रक्ताचा आणि दुधाचा पाऊसही होता. संशय रास्तच होता. दोष इतकाच की, साक्ष तपासण्याऐवजी साक्षीदाराची पायरी तपासली गेली.

पुढचा दुवा आपल्या देशातील आहे. १९ डिसेंबर १७९८ रोजी बनारसजवळ क्राखुत गावी दगड पडले. त्यांतला एक रखवालदाराच्या झोपडीचे छप्पर फोडून जमिनीत रुतला. (त्या वृत्तांतात तो केवळ ‘रखवालदार’ म्हणून येतो.) एडवर्ड हॉवर्डने १८०२ मध्ये या दगडांचे, इतर देशांतील दगडांचे आणि पालासच्या लोखंडाचे पृथक्करण प्रसिद्ध केले. सर्वांत निकेल सापडले. ग्रंथालयातील अनुमानास प्रयोगशाळेचा दुजोरा मिळाला तो असा. पाठोपाठ १८०३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात जहांगीरच्या आत्मचरित्रातील १६२१ सालच्या जालंधरच्या घटनेचा अनुवाद छापला गेला. आकाशातून पडलेले १६० तोळ्यांचे लोखंड हातोड्याखाली टिकेना, म्हणून तीन भागांस एक भाग साधे लोखंड मिसळून उस्ताद दाऊदने दोन तलवारी, एक कट्यार व एक सुरी घडवली.

ही कथा ऐकताच काहींना ‘पूर्वजांना सर्व ठाऊक होते’ असे म्हणण्याचा मोह होईल. तो आवरावा. जहांगीरच्या लेखी ते विजेचे लोखंड होते. तातारांचे म्हणणे अचूक निघाले. तथापि त्यांपैकी कोणी गोळा पडताना पाहिल्याची साक्ष नाही. परंपरा म्हणजे पुरावा नव्हे, पण तिने कोठे शोधावे हे सांगितले होते. जहांगीरची नोंद मोलाची ठरते ती तिच्यातील वजन, प्रमाण आणि कारागिराचे नाव यांमुळे.

आज आपल्याला ठाऊक आहे की हे ऑलिव्हीन एखाद्या लघुग्रहाच्या पोटात तयार झाले आणि वितळलेल्या लोखंड-निकेलमध्ये अडकून अतिशय मंद गतीने थंडावले. धातूच्या तासलेल्या पृष्ठावर आम्ल ओतले की उमटणारी जाळीदार नक्षी त्याच मंदपणाची खूण. ती १८०४ मध्ये नेपल्स येथे विल्यम थॉमसनने या पालासच्या लोखंडावरच पाहून प्रसिद्ध केली. नक्षीस नाव मात्र मिळाले व्हिएन्नाच्या विडमानस्टेटनचे, ज्याने ती १८०८ मध्ये पाहिली.

अशा स्फटिकयुक्त अशनींना पुढे गुस्ताव्ह रोझने ‘पॅलसाइट’ म्हटले, पालासच्या नावावरून. गोळा डोंगरावरून उतरवला होता मेद्वेदेवने.