घटस्फोट आणि अर्थविवेक

विवाह हा आपल्या समाजाने संस्कार मानला. त्यामुळे तो मोडण्याची वेळ आलीच, तर पैशाविषयी बोलणे अनेक घरांना अप्रशस्त वाटते. मग जो विषय दोन्ही कुटुंबांनी शांतपणे बसून मिटवायचा, तो वर्षानुवर्षे न्यायालयात कुजत राहतो.

अशा खटल्यांतील पैशाच्या मागे बहुधा अपमानाची सल असते. एकीकडे 'त्याला धडा शिकवायचाच' म्हणून आवाक्याबाहेरची रक्कम मागितली जाते. दुसरीकडे चांगला कमावता पती एकाएकी बेकार होतो, व्यवसाय भावाच्या नावावर जातो. या लपवाछपवीला आळा घालण्यासाठीच सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी 'रजनेश विरुद्ध नेहा' खटल्यात दोन्ही पक्षांना उत्पन्न, मालमत्ता व देणी यांचे प्रतिज्ञापत्र बंधनकारक केले. डिसेंबर २०२४ मधील एका निकालात, पोटगी म्हणजे पतीच्या संपत्तीशी बरोबरी साधण्याचे साधन नव्हे, असेही याच न्यायालयाने बजावले.

व्यवहार काय सांगतो? ज्याचे वेतन दरमहा ६० हजार, गृहकर्जाचा हप्ता २० हजार आणि घरी वृद्ध आईवडील, त्याच्याकडे एकरकमी ५० लाख मागितले तर ते मिळण्याची शक्यता जवळजवळ नसते. वाढतो तो केवळ वकिलांचा खर्च. परंतु मुलांसाठी नोकरी सोडून जिने पंधरा वर्षे घर सांभाळले, तिला 'शिकलेली आहेस, कमव' असे सुनावणे हाही तितकाच अन्याय आहे. गेलेली पंधरा वर्षे कोणताही मालक तिला परत देत नाही. तिच्या त्या श्रमांवरच पतीची बढती उभी असते.

गोव्यात पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्यानुसार, विवाहापूर्वी वेगळा करार केला नसेल तर, पतिपत्नीची मालमत्ता सामाईक मानली जाते. महाराष्ट्रात पतीच्या नावावरील घरात पत्नीला असा आपोआप वाटा नाही. म्हणूनच येथे तडजोडीचा मसुदा अधिक काळजीपूर्वक व्हायला हवा. स्त्रीधन तिचेच आहे. ते पोटगीच्या हिशेबात धरू नये. मुलांचे शिक्षण व आरोग्य यांची तरतूद स्वतंत्र लिहावी. तो मुलांचा हक्क आहे, आईवडिलांच्या सौद्याचा भाग नव्हे. रक्कम मासिक असेल तर महागाईनुसार वाढीचे कलम घालावे. घर कोणाकडे राहणार आणि उरलेले कर्ज कोण फेडणार, हेही स्पष्ट असावे.

हिंदू विवाह कायद्यात परस्परसंमतीच्या घटस्फोटाची सोय १९७६ पासून आहे. त्या मार्गाने जायचे तर दोन्ही घरांतील वडीलधाऱ्यांनी आगीत तेल ओतणे थांबवून कागद-पेन्सिल हाती घ्यावी. पतिपत्नीचे नाते संपले तरी मुलांचे आईबाप ते दोघेच राहतात. मुलांच्या शिक्षणाचा पैसा खटल्यात संपणार नाही, एवढे भान दोन्ही घरांनी ठेवले पाहिजे.