काट्याला न दिसणारी चरबी

मधुमेह हा गादीवर बसून खाणाऱ्यांचा रोग, उन्हातान्हात राबणाऱ्याच्या वाटेला तो जात नाही, ही समजूत आंबेगाव आणि जुन्नर तालुक्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. सुटलेले पोट हे सुखवस्तूपणाचे लक्षण आणि साखरेचा विकार ही त्या सुखवस्तूपणाची किंमत, असा तिचा सरळ हिशेब. हा हिशेब चुकीचा आहे, हे दाखवणारा एक भक्कम पुरावा परदेशातून आलेला नसून पुणे जिल्ह्यातील खेड्यांतूनच निघालेला आहे. तरीही मंचरच्या शाळेतील शिक्षक, कचेरीतील कारकून आणि कॉलेजातील विद्यार्थी आपल्या प्रकृतीचा निकाल अजून वजनकाट्यावरच लावत असतात.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांत एक अभ्यास हाती घेतला. स्त्रिया गरोदर राहण्यापूर्वीच त्यांची वजने-मापे घेतली गेली, पुढे त्यांच्या बाळांची, आणि ती बाळे मोठी होईपर्यंत हे काम चालू राहिले. या मातांचे सरासरी वजन ४२ किलोच्या आत आणि उंची १५२ सेंटिमीटर होती. त्यांची बाळे जन्मतः सरासरी २.७ किलो वजनाची भरली. इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बाळांचे वजन ३.५ किलो होते. आठशे ग्रॅमची ही तूट बाळाच्या सर्वांगात सारखीच वाटली गेली असेल, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात स्नायू आणि पोटातील अवयव यांच्या वाट्याला तुटीचा मोठा भाग आला होता, तर पाठीवर खांद्याच्या फऱ्याखालची चरबी बरीचशी शाबूत राहिली होती. दिसायला किडकिडीत, पण चरबीच्या प्रमाणात मुळीच किडकिडीत नाही, असे हे बालक. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्याला ‘कृश तरी मेदयुक्त’ अशा अर्थाचे नाव मिळाले आणि जगाच्या वैद्यकशास्त्रात ते रूढ झाले.

हीच मुले अठरा वर्षांची झाली तेव्हाची तपासणी अधिक अस्वस्थ करणारी आहे. तिचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. मुलांपैकी ३७ टक्के आणि मुलींपैकी १८ टक्के यांच्या रक्तातील साखर सामान्य मर्यादेबाहेर गेलेली आढळली. त्यातल्या बहुतेकांना मधुमेह जडला नव्हता, पण त्याच्या उंबरठ्यावर ती उभी होती. आणि या तरुणांपैकी ४८ टक्के प्रचलित मापाने कमी वजनाचे होते! ज्यांना शेजारीपाजारी ‘अंगावर मांस धर जरा’ असे म्हणत असतील, त्यांच्यातच हा विकार मूळ धरत होता.

अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही दरडोई उत्पन्नातली गफलत ठाऊक असते. देशाचे एकूण उत्पन्न लोकसंख्येने भागले की एक आकडा मिळतो. ते उत्पन्न कोणाच्या घरात साचले, हे तो आकडा सांगत नाही. वजनाचेही असेच आहे. काटा एकूण बेरीज सांगतो, वाटणी सांगत नाही. २००४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात डॉ. याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज स्नेही डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र छापून आले होते. उंचीच्या मानाने वजनाचा जो निर्देशांक काढतात तो दोघांचाही तंतोतंत एकच, २२.३. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. भारतीयांनी या निर्देशांकावर किती विसंबावे, याचे उत्तर त्या एका चित्रात होते. जागतिक आरोग्य संघटनेनेही त्याच वर्षी आशियाई लोकांसाठी धोक्याची पातळी २५ ऐवजी २३ पासून धरावी, असे सुचवले.

मात्र येथे एक उलटी समजूत होण्याचा धोका आहे. चरबी हीच विषारी वस्तू, ती अंगात असूच नये, असे या आकड्यांवरून कोणी ठरवले तर ते चूक होईल. ज्यांच्या शरीरात जन्मतःच मेदपेशी जवळजवळ नसतात असे काही दुर्मीळ रुग्ण असतात. त्यांना मधुमेह होतोच, आणि तो अतिशय तीव्र होतो. तेव्हा मेद साठवणारी पेशी ही शरीराची वैरीण नव्हे. मंचरच्या पंचक्रोशीत ही गोष्ट समजावून सांगायला दूरचा दाखला शोधायला नको. उन्हाळी कांदा निघाला की शेतकरी तो चाळीत, म्हणजे या भागातल्या बराखीत, भरतो. बराख हवेशीर आणि पुरेशी मोठी असेल तर कांदा टिकतो आणि गरजेप्रमाणे बाहेर काढता येतो. बराख अपुरी पडली आणि कांदा पडवीत, माजघरात, स्वयंपाकघरात ओतावा लागला, तर कांदाही सडतो आणि घरही नासते. त्वचेखालचा मेद ही शरीराची बराख आहे. यकृत, स्नायू आणि स्वादुपिंड या घराच्या खोल्या आहेत.

जेवणानंतर रक्तात इन्सुलिन वाढते. ‘आता साठवा, बाहेर काही सोडू नका’ असा हुकूम ते मेदपेशींना देते. रात्री किंवा उपासाच्या वेळी इन्सुलिन ओसरते, तेव्हा त्याच पेशी मेदाम्ले रक्तात सोडतात आणि स्नायू ती जाळतात. ही देवघेव सुरळीत असते तोपर्यंत काहीच बिघडत नाही. पण बराख तुडुंब भरली की पेशी फुगतात, त्यांच्या आसपास दाह सुरू होतो, इन्सुलिनचा हुकूम त्या जुमानत नाहीत आणि मेदाम्ले अवेळी पाझरू लागतात. ही मेदाम्ले यकृतात साचली की यकृत नको असताना रक्तात साखर सोडते आणि त्याचबरोबर ट्रायग्लिसराइडने लादलेले कणही सोडते. स्नायूंत साचली की स्नायू साखर उचलेनासे होतात. स्वादुपिंडाला अधिकाधिक इन्सुलिन तयार करावे लागते, आणि मुळातच ते दुबळे असेल तर एक दिवस थकते. प्रयोगशाळेच्या अहवालात ट्रायग्लिसराइड चढलेले आणि एचडीएल हे हितकर कोलेस्टेरॉल उतरलेले, अशी जी जोडी कित्येक सडपातळ माणसांच्या हाती पडते, तिचे इंगित हे आहे. पोटातील, आतड्यांभोवतीच्या चरबीचे रक्त तर थेट यकृताकडे जाते. म्हणून नितंबांवरच्या चरबीपेक्षा पोटाची चरबी घातक. फ्रान्समधील मार्सेयच्या डॉ. झाँ वाग यांनी १९४७ सालीच चरबी किती यापेक्षा ती कोठे आहे याकडे लक्ष वेधले होते. पुढे १९९४ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात लेप्टिन या संप्रेरकाचा शोध लागला, आणि मेद ही निर्जीव साठवण नसून मेंदूला सतत निरोप धाडणारी एक ग्रंथीच आहे, हे सर्वमान्य झाले.

मग भारतीयांची बराख लहान का? १९९२ मध्ये निकोलस हेल्स आणि डेव्हिड बार्कर या इंग्रज संशोधकांनी मांडले की, आईच्या पोटात अन्न तुटपुंजे असेल तर गर्भ काटकसर करतो. मेंदू वाचवतो आणि स्नायू, स्वादुपिंड यांच्यावर कात्री चालवतो. पुढेही टंचाईच येणार असेल तर ही काटकसर शहाणपणाची. पण टंचाईऐवजी सुबत्ता आली तर? १९७२ च्या दुष्काळात ज्या आजीने रोजगार हमीसारख्या दुष्काळी कामावर खडी फोडली, तिचा नातू आज घोड नदीवरच्या डिंभे धरणाच्या पाण्यावर उभा राहिलेला ऊस पाहतो, मोटारसायकलीवरून कॉलेजात जातो, दिवसातून चार वेळा साखरेचा चहा घेतो आणि फाट्यावर पामतेलात तळलेला वडा खातो. आजीच्या काळासाठी बेतलेल्या शरीरात नातवाच्या काळाचा माल ओतला जात आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीने भारतात १० कोटी १० लाख मधुमेही आणि १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर असल्याचा अंदाज दिला. इतक्या माणसांची इच्छाशक्ती एकाच वेळी ढिली पडली, असे मानणे कठीण आहे.

‘बाळसे धरणे’ या शब्दाला मराठी घरात केवढी माया चिकटलेली आहे! पण के. ई. एम. रुग्णालयातच जन्मलेल्या मुलांच्या दुसऱ्या एका अभ्यासात, जन्मतः लहान आणि आठव्या वर्षी दांडगी अशा मुलांत इन्सुलिनला न जुमानण्याची प्रवृत्ती सर्वांत अधिक आढळली. बाटलीच्या आणि बिस्किटांच्या जोरावर तूट भरून काढण्याची घाई अंगलट येते. ही तूट भरायची जागा बाळाचे नव्हे, आईचे ताट आहे.

सहा गावांच्या अभ्यासातला एक निष्कर्ष या दृष्टीने फार मोलाचा आहे. आईने एकूण किती उष्मांक किंवा किती प्रथिने खाल्ली याच्याशी बाळाच्या वजनाचा ठळक संबंध दिसला नाही. तो दिसला दूध, हिरव्या पालेभाज्या आणि फळे किती वेळा खाल्ली याच्याशी. शिवाय गरोदरपणी अधिक कष्ट उपसणाऱ्या स्त्रियांची बाळे लहान होती, आणि सुमारे दोन तृतीयांश मातांत ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव होती. हे जीवनसत्त्व दूध, अंडी, मांस, मासे यांतून मिळते. भाकरी-भाजीतून मिळत नाही. आता जुन्नर-आंबेगाव म्हणजे दूध, भाजीपाला आणि फळे पिकवून मुंबई-पुण्याला धाडणारा मुलूख. पण दूध डेअरीला घातले की ठरलेल्या दिवशी रोख हाती पडते, त्यातून खत येते, फी भरली जाते. घरातल्या गरोदर सुनेला चहापुरते उरते. कुटुंबाच्या आजच्या जमाखर्चात हा व्यवहार तोट्याचा नाही. तोटा वीस-तीस वर्षांनी औषधांच्या दुकानात भरावा लागतो, आणि तो भरणारा माणूस वेगळा असतो. रेशन दुकानातून मिळणारे धान्य भूक भागवते, पण ही विशिष्ट उणीव त्याने भरून निघत नाही.

सरकारी यंत्रणेकडे साधने नाहीत असे नव्हे. आशा स्वयंसेविका तीस वर्षांवरील प्रत्येकासाठी जो तक्ता भरते, त्यात कमरेच्या घेराचा रकाना आहे. स्त्रियांसाठी ८० आणि पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर ही त्यातील पहिली मर्यादा. शिंप्याच्या फितीने होणारे हे माप वजनकाट्यापेक्षा अधिक खरे बोलते, मात्र ते मोजूनच भरले पाहिजे. अडचण वयाची आहे. अठराव्या वर्षी साखर बिघडू लागत असेल, तर तिसाव्या वर्षी फीत लावणे म्हणजे बारा वर्षे उशीर. मंचर, घोडेगाव, जुन्नर येथील महाविद्यालयांत प्रवेशाच्या वेळी कमरेचा घेर आणि उपाशीपोटीची साखर तपासणे फार खर्चाचे नाही. ज्यांची साखर चढलेली आढळेल त्यांच्यासाठी चालणे आणि कष्टाची सवय यांचे मोल मोठे आहे, कारण जेवणानंतरची साखर मुख्यतः स्नायूच उचलतात. आणि वजन थोडे उतरले तरी यकृतातली चरबी आधी उतरते.

मातांच्या बाबतीत तर योजना तयारच आहे. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेखाली २०१५ पासून आदिवासी क्षेत्रातील गरोदर आणि स्तनदा मातांसाठी रोज एका चौरस आहाराची तरतूद झाली. भीमाशंकरकडचा आंबेगावचा पश्चिम भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो. मंचरकडचा बागायती पूर्व भाग मोडत नाही. उसाच्या फडात आणि कांद्याच्या वाफ्यात मजुरी करणारी गरोदर बाई या पूर्व भागातच आहे. तिच्यापर्यंत अंडे, दूध आणि पालेभाजी पोहोचवण्याचा खर्च महिला व बालविकास खात्याच्या अंदाजपत्रकात पडेल, आणि त्यातून वाचणारा पैसा पुढे आरोग्य खात्याच्या हिशेबात दिसेल. दोन खात्यांच्या या भिंतीपाशीच असे प्रस्ताव अडतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्याने शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडे सुरू केले होते. त्यासाठीचा स्वतंत्र निधी जानेवारी २०२५ मध्ये थांबवण्यात आला आणि अंड्याचा खर्च लोकवर्गणीतून भागवण्यास शाळांना सांगण्यात आले.