विश्लेषण : दम्याच्या तीव्र झटक्यात पहिला तास निर्णायक का?

धानाची मळणी, तणसाची धूळ, राइस मिलचा कोंडा आणि त्यात पहाटेची थंडी. गोंदिया जिल्ह्यात दम्याच्या रुग्णांना हे दिवस जड जातात. झटका तीव्र असेल, तर देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगावच्या आतल्या गावांतून गोंदिया गाठायलाच तास-दीड तास लागू शकतो. उपचार मात्र त्याआधी सुरू व्हावे लागतात.

झटक्यात नेमके काय होते?
श्वासनलिकांभोवतीचे स्नायू आवळतात, आतून सूज येते आणि चिकट कफ साचतो. हवा आत जाते, पण पूर्ण बाहेर पडत नाही. श्वास घेण्यासाठी झगडून रुग्ण थकतो आणि धोका वाढतो.

धोका कसा ओळखायचा?
एक वाक्यही सलग बोलता न येणे, पुढे वाकून बसावे लागणे, ओठ निळसर पडणे ही धोक्याची चिन्हे आहेत. छातीतील घरघर अचानक थांबली आणि रुग्ण गुंगीत जाऊ लागला, तर ‘आराम पडला’ असे समजू नये. हवा आतबाहेर होणेच जवळपास थांबल्याचे ते लक्षण असू शकते.

पहिल्या तासात काय करतात?
साल्ब्युटामॉलचा पंप स्पेसर लावून, एकेक करत ४ ते १० वेळा दिला जातो. गरजेनुसार दर २० मिनिटांनी तो पुन्हा देतात. पंप आणि स्पेसर व्यवस्थित वापरल्यास नेब्युलायझरइतकाच उपयोग होतो. झटका तीव्र असल्यास सोबत इप्राट्रोपियम देतात. प्रौढांमध्ये ऑक्सिजनची पातळी ९३ ते ९५ टक्के राखली जाते. सूज उतरवणारे स्टेरॉइड तासाभरात द्यावे लागते, कारण त्याचा परिणाम दिसायला काही तास लागतात. यातले बहुतेक उपचार प्राथमिक आरोग्य केंद्रातही देता येण्याजोगे आहेत. म्हणूनच ‘आधी उपचार, मग रेफर’ हा क्रम महत्त्वाचा. प्रवासातही १०८ रुग्णवाहिकेत औषध आणि ऑक्सिजन सुरू राहायला हवा.

अतिदक्षता विभाग कधी लागतो?
एवढ्याने आराम न पडल्यास शिरेतून २ ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट सुमारे २० मिनिटांत देतात. तरीही रुग्ण थकत गेला किंवा रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढू लागला, तर व्हेंटिलेटरचा निर्णय घ्यावा लागतो. तो सोपा नसतो. हवा बाहेर पडायला वेळ मिळावा म्हणून श्वासांची गती मुद्दाम कमी ठेवतात, अन्यथा फुप्फुस फुगून फाटू शकते. त्यासाठी अनुभवी पथक लागते. जिल्ह्यात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे; त्यापुढची सोय शोधायची तर नागपूर रस्त्याने तीन तासांच्या आसपास.

मग झटका टाळायचा कसा?
जगातील दमा रुग्णांपैकी सुमारे १३ टक्के भारतात आहेत. दम्याने होणाऱ्या मृत्यूंत मात्र भारताचा वाटा ४० टक्क्यांहून अधिक असल्याचा अंदाज आहे. बरे वाटताच औषध सोडणे आणि केवळ तात्पुरत्या आरामाच्या पंपावर भिस्त ठेवणे, ही यामागची मोठी कारणे मानली जातात. जागतिक दमा मार्गदर्शिकेने २०१९ पासून असा पंप एकटाच वापरू नये, सोबत स्टेरॉइड असलेला पंप हवाच, असे सांगितले आहे. ‘पंपाची सवय लागते’ हा गैरसमज आहे.

मळणीला जाताना नाकातोंडाला रुमाल आणि खिशात पंप हवा. दोन-तीनदा पंप घेऊनही दम कमी होत नसेल, तर सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करावा.