कार्ड पेटीत, लग्न मांडवात



नंदुरबार जिल्ह्यात सिकलसेल हा शब्द आता कुणाला नवा नाही. हा आजार आदिवासी समाजात आहे, तसाच आपल्या पूर्वाश्रमीच्या महार समाजातही आहे. १ जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारची सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. २०४७ पर्यंतचं ध्येय ठरलं. रक्त तपासतात, कार्ड देतात, समजावून सांगतात. पण पुढे घरात काय होतं?

दवाखान्यात नोकरीला होतो तेव्हा आम्ही रजिस्टरात ‘समुपदेशन केले’ लिहायचो आणि काम संपलं समजायचो. वस्तीत फिरायला लागलो तेव्हा चूक कळली. एका घरी मुलाचं कार्ड पत्र्याच्या पेटीत जपून ठेवलेलं होतं. लग्न ठरताना ते कुणी बाहेर काढलंच नाही. सूनही वाहक आहे हे कळलं, ते नातवाचे हातपाय सुजून तो रात्रभर रडायला लागल्यावर.

वाहक म्हणजे आजारी नव्हे. पण दोघंही वाहक असतील, तर दर गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते.

‘लोक ऐकतच नाहीत’ हे आम्हाला पटत नाही. लोक ऐकतात, पण दवाखान्यात जायचं तर दिवसाची मजुरी बुडते. दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत गेलं की गोळ्या संपतात. आणि मुलगी वाहक आहे हे कळलं तर स्थळ मोडेल, ही भीती आईच्या पोटात असते. ही अडचण नुसत्या सांगण्याने सुटत नाही, सोबतीने सुटते.

म्हणून आमचं म्हणणं असं. पत्रिका आपण सोडली, आता लग्न ठरवण्याआधी दोघांची कार्डं पाहू. ज्यांची तपासणी झाली नाही, त्यांची करून घेऊ. दोघं वाहक निघाले तर पुढचा निर्णय त्या दोघांचाच. पण दिवस राहिल्यावर लगेच डॉक्टरांना सांगायला हवं. कामाला बाहेर जाण्याआधी रुग्णाच्या गोळ्या पुरतील एवढ्या मागून घेऊ. पौर्णिमेला विहारात जमतो तेव्हा एकमेकींना एकांतात विचारू, ‘गोळ्या चालू आहेत ना?’ चारचौघांत कुणाचं नाव घ्यायचं नाही.

तथागतांनी ‘या आणि पाहा’ म्हटलं. पाहिल्यावर पाऊल उचलायचं, ते आपलं काम. आज पेटी उघडा.