प्रकाशाचा जमाखर्च

दिवा जितका प्रखर तितकें अधिक दिसावयाचें, असा आपला सर्वसाधारण समज असतो. सजीव पेशींचें निरीक्षण करणाऱ्या शास्त्रज्ञांस मात्र निराळाच अनुभव येतो.

कित्येक द्रव्यें एका रंगाचा प्रकाश शोषून दुसऱ्या रंगाचा प्रकाश बाहेर टाकितात. स्टोक्स या पंडितानें इ. स. १८५२ मध्यें या गुणास ‘फ्लुओरेसन्स’ असें नांव दिलें. आपण त्यास प्रतिदीप्ति म्हणतों. पेशीच्या एखाद्या भागास असें द्रव्य जोडिलें, कीं तो भाग काळोखांत उठून दिसतो. मिन्स्की या अमेरिकन शास्त्रज्ञानें १९५७ सालीं ज्याच्या पेटंटासाठीं अर्ज केला, तें कॉन्फोकल सूक्ष्मदर्शक यंत्र बिंदूमागून बिंदु उजळीत जातें, आणि वरच्या-खालच्या थरांतून येणारा प्रकाश एका बारीक छिद्रानें अडवितें.

परंतु प्रत्येक झोताबरोबर तें द्रव्य फिकें पडतें, आणि प्राणवायूचीं दाहक रूपें उत्पन्न होऊन पेशी दुखावते. जें जिवंत पाहावयाचें, तेंच पाहतां पाहतां मरावयाचें! मरूं घातलेल्या पेशीचें वर्तन निरोगी पेशीचें म्हणून टिपलें, तर ज्ञानाच्या नांवाखालीं असत्यच पदरीं पडावयाचें.

ॲम्स्टरडॅम येथील संशोधकांनीं २००७ सालीं यावर नियंत्रित प्रकाशदानाचा उपाय प्रसिद्ध केला. चाणाक्ष परीक्षक कोऱ्या पानावर वेळ दवडीत नाहीं, व उत्तर पुरतें पटलें कीं पुढें जातो. तसेंच हें यंत्र करितें. बिंदु काळोखा दिसला कीं प्रकाश बंद. तेजस्वी दिसला, तर ठरलेली मात्रा भरतांच बंद. मंद बिंदूंनाच पूर्ण वेळ मिळतो. त्यामुळें तंबाखूच्या पेशींत द्रव्य फिकें पडण्याचें प्रमाण सातपटीनें उतरलें, आणि ‘हेला’ नामक मानवी पेशी सहापट काळ जगल्या.

प्रत्येक बिंदूस निराळा प्रकाश मिळाला, तर तेजाची तुलना कशी व्हावी? उत्तर त्रैराशिकाचें आहे. पूर्ण वेळ १० मात्रांचा, दिवा ४ मात्रांत बंद, आणि तोंवर प्रकाशाचे २० कण मोजले, तर पूर्ण वेळांत ५० आले असते. मात्र दिवा केव्हां बंद झाला याची नोंद अचूक हवी. ती चुकली तर सारें चित्र खोटें. शिवाय २० वरून काढलेले ५० हे प्रत्यक्ष मोजलेल्या ५० इतके निश्चित नसतात, हेंहि ध्यानीं ठेविलें पाहिजे.

बीं रुजलें कीं नाहीं हें पाहण्यासाठीं रोज माती उकरणाऱ्या मुलास घरांतील वडील माणसें आवरतात. प्रयोगशाळेंतील विवेक याहून वेगळा नाहीं: जाणण्यास लागेल तेवढेंच पाहावें, आणि पाहण्याचा हिशेब चोख ठेवावा.