विश्लेषण : सातपूरहून बंब येईपर्यंत गावाने काय करायचे?

इगतपुरी तालुक्यातील मुंढेगावच्या जिंदाल पॉलिफिल्म्स कारखान्यात १ जानेवारी २०२३ रोजी भीषण आग लागली. मे २०२५ मध्ये तिथेच पुन्हा भडका उडाला आणि आग कित्येक दिवस धुमसत राहिली. दोन्ही वेळा नाशिकहून बंब धावले. सातपूरपासून हे अंतर साधारण ३० किलोमीटर. ताशी ५० च्या वेगाने, कुठेही न अडकता, ३६ मिनिटे. ग्रामीण भागासाठी बंब पोहोचण्याचा मापदंड मात्र २० मिनिटांचा धरला जातो.

कारखान्याकडे स्वतःची यंत्रणा तरी असते. कांद्याची चाळ किंवा चाऱ्याची गंजी पेटली तर?

गावाचा स्वतःचा बंब का नसतो?

राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत अग्निशमन सेवा हा नगरपालिकांचा विषय आहे. पंचायतींच्या अकराव्या अनुसूचीत २९ विषय आहेत, त्यात अग्निशमन नाही. सातपूरला महापालिकेचे अग्निशमन केंद्र आहे. त्र्यंबक रस्त्याने हद्द संपली की पुढच्या बहुतेक गावांची भिस्त बाहेरून येणाऱ्या गाडीवरच.

टँकर आहे, मग अडते कुठे?

भारतीय मानकांतील ‘बी’ प्रकारच्या बंबात ४,५०० लिटर पाणी असते आणि पंप मिनिटाला १,८०० लिटर फेकू शकतो. म्हणजे पूर्ण क्षमतेने चालवला तर अडीच मिनिटांत टाकी रिकामी! ट्रॅक्टरच्या टँकरमध्येही साधारण तेवढेच पाणी मावते. फरक दाबाचा आहे. टँकरचे पाणी नुसते उताराने पडते. टाकीत पाच-सहा फूट पाणी, तेवढाच दाब. बंबाचा पंप ७ बार दाब देतो, म्हणजे ७० मीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका. त्यामुळे गावकरी शेवटी बादल्याच उचलतात. द्राक्षबागेतल्या ब्लोअरला दाब असतो, करोनाकाळात गावे निर्जंतुक करायला तेच वापरले गेले. वाळल्या गवताला ते चालेल, पेटलेल्या घराला पाणी पुरणार नाही.

मोठाच बंब हवा का?

जर्मनीत सुमारे १० लाख स्वयंसेवक अग्निशामक आहेत. तिथल्या छोट्या गावांतील साध्या गाडीत अनेकदा पाण्याची टाकीच नसते. उचलून नेता येणारा पंप, पाइप आणि सहा माणसे. पाणी तळ्यातून किंवा नळजोडणीतून. नाशिक जिल्ह्यात शेततळी भरपूर आहेत. पिकअपवर मावणारा असा पंप अरुंद शिवाररस्त्यावरही जाईल. अर्थात तो चालवण्याचा सराव हवा, नाहीतर तो ग्रामपंचायतीच्या खोलीत गंजेल.

जुना बंब गावाला देता येईल?

हा मार्गही आता बंद होत चालला आहे. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षे पूर्ण झालेल्या सरकारी वाहनांची नोंदणी नूतनीकृत होत नाही. जानेवारी २०२३ च्या त्या अधिसूचनेत संरक्षण, कायदा-सुव्यवस्था आणि अंतर्गत सुरक्षेच्या विशेष वाहनांना सूट होती. बंबांचा उल्लेख नव्हता. बंब फारसा धावत नाही, पण नियम किलोमीटर मोजत नाही, वय मोजतो.

तोवर हाताशी आहे ते एवढेच : १०१ किंवा ११२ वर फोन, वीज बंद केल्याची खात्री आणि भरलेला टँकर मोटरीसह रस्त्याकडेला तयार. म्हणजे अडीच मिनिटांनी रिकामा झालेला बंब पाणी भरायला परत शहराकडे वळणार नाही.