पडद्यावरच्या मॅडम

परवा मंडईत एक जुनी सहकारी भेटली. मेथीची जुडी उलटीपालटी करत हसून म्हणाली, "मॅडम, मी अजून शिकवते बरं का तुमच्या कॉलेजात!" मला काही कळेना. २०२२च्या जूननंतर तिची नेमणूक झालेली नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. तेव्हा तिनं पर्समधून मोबाइल काढून एक मेसेज दाखवला. द्वितीय वर्षातल्या कुणा मुलीचा होता. 'मॅडम, तुमचं अकरावं लेक्चर दोनदा बघितलं. पॅसिव्ह व्हॉइसचं तिसरं उदाहरण कळत नाही. प्लीज सांगाल का?'

ही मुलगी कॉलेजात आली, त्याच्या कितीतरी आधी ती तिथून बाहेर पडलेली. पण २०२०-२१मध्ये तिनं घरी बसून रेकॉर्ड केलेली बेचाळीस लेक्चर्स मात्र कॉलेजातच राहिली. दर वर्षी नव्या मुलांना त्यांची लिंक जाते. पहिल्या स्लाइडवर तिचं नाव आणि मोबाइल नंबर आहे. खाली लिहिलंय, 'अडलं तर विचारा.'

"मग काय केलंस?" मी विचारलं.

"काय करणार? समजावून सांगितलं. रात्री जेवणं झाल्यावर."

मी घरी आले ती मान खाली घालूनच. कारण तिला रेकॉर्डिंग शिकवलं होतं मी. स्लाइडवर नंबर टाक, मुलांना आधार वाटतो, हेही मीच सांगितलेलं. आणि "एकदा करून ठेव गं, कायमचं उपयोगी पडतं," हे माझं त्या दिवसांतलं पालुपद होतं. कायमचं उपयोगी पडलं खरं. कुणाला, ते विचारायचं राहून गेलं.

मी तालुक्याच्या गावातल्या कॉलेजात १९९१पासून इंग्रजी शिकवते. कंपल्सरी इंग्रजीचा शंभर-सव्वाशेचा वर्ग आणि साहित्याच्या तासाला जेमतेम पंधरा जण, असा आमचा संसार. या तंत्रज्ञानाच्या नादी मी कशी लागले, याचं घरच्यांना अजून नवल वाटतं. मुळात मी मिक्सरचा फ्यूज बदलायला घाबरणारी! पण बी.ए.च्या पहिल्या वर्षाला असताना, १५ ऑगस्ट १९८४ला, यूजीसीचा 'कंट्रीवाइड क्लासरूम' दूरदर्शनवर सुरू झाला. दुपारी शेजाऱ्यांकडे जाऊन मी तो बघायची. इंग्रजी बोलणारी ती माणसं इतकं छान समजावून सांगायची, आणि मला विचारायचं असायचं खूप. पण टीव्हीला कोण विचारणार? तेव्हापासून माझ्या डोक्यात एक भुंगा राहिला असावा.

पुढे एमएस-सीआयटी केलं, तेव्हा शेजारच्या खुर्चीवर माझीच विद्यार्थिनी बसलेली. माझा माऊसवरचा हात थरथरायला लागला, की ती हळूच म्हणायची, "मॅडम, सावकाश." नंतर 'मूडल' हाताला लागलं. वर्गासारखीच रचना असलेलं, २००२ साली खुलं झालेलं हे फुकट सॉफ्टवेअर. धडे ठेवा, चाचण्या घ्या, चर्चा करा. स्टाफरूममध्ये त्याच्या नावावरून बरेच विनोद झाले. इंग्रजीच्या बाईंना संगणक प्रयोगशाळेची किल्ली देताना शिपाईसुद्धा दोनदा विचारायचा.

खरी गंमत आली २०१६नंतर. जिओ आलं, नेट स्वस्त झालं आणि मुलं कॉलेजबाहेरूनही मूडलवर यायला लागली. तेव्हाची एक मुलगी माझ्या डोळ्यासमोरून जात नाही. शेवटच्या बाकावर, भिंतीला चिकटून बसायची. वर्षभरात वर्गात तोंड उघडलं नाही. मी चर्चेत विषय दिला होता, 'घरातली न वापरली जाणारी वस्तू'. तिनं तीन ओळी लिहिल्या, आजीच्या जात्यावर. 'माय ग्रँडमदर इज एक्स्पायर्ड' वगैरे नेहमीचं इंग्रजी. मी चुका काढल्या नाहीत. फक्त विचारलं, मग आता ते जातं कुठं आहे?

उत्तर आलं रात्री पावणेबाराला. फोन भावाचा, तो झोपल्यावर हिच्या हातात यायचा. दहा ओळी होत्या. जात्याचा दगड मागच्या दाराशी पायरी म्हणून टाकलाय. वडील त्यावर पाय देऊन जातात. आई मात्र ओलांडून जाते, कधीच पाय देत नाही. एवढंच. चुका मोजल्या तर तेरा भरल्या. पण मी सकाळी चहा गॅसवर ठेवून ते वाचलं आणि चहा उतू गेला. त्यानंतर वर्षभर ती लिहीत राहिली, मी विचारत राहिले, आणि चुकाही हळूहळू एकेक करून सुधारत गेलो.

सांगायचं इतकंच, की व्हिडिओ म्हणजे ऑनलाइन शिक्षण नव्हे. ते टीव्ही झालं. पावणेबाराचा प्रश्न आणि त्याला कुणीतरी दिलेलं उत्तर, हे शिक्षण. आणि त्याला वेळ लागतो हो! एकेका मुलीच्या लिखाणाला पाच मिनिटं धरली, तर एकशेवीस जणांचे होतात दहा तास. तेही एकाच स्वाध्यायाचे. सहायक प्राध्यापकानं आठवड्याला सोळा तास शिकवावं, असं यूजीसीनं २०१८च्या नियमावलीत ठरवलं. हे दहा तास त्यात कुठं बसवायचे?

उत्तर आपल्याला माहीत आहे. ते बसतात भाकरी आणि भांडी यांच्या मध्ये कुठंतरी. तांदूळ निवडण्यासारखं काम ते. खडा दाताखाली आला तरच कुणाला तरी आठवतं, की हे कुणीतरी करत होतं.

त्याच नियमावलीत ऑनलाइन अभ्यासक्रम तयार करण्याला गुण आहेत. चार क्रेडिटचा पूर्ण अभ्यासक्रम केला तर वीस गुण, समन्वयकाला आठ. गुण म्हणजे पदोन्नती, त्यामुळे व्हिडिओ करायला माणसं पुढं येतात, आणि त्यात गैर काही नाही. २०१७मध्ये 'स्वयम्' सुरू झालं, त्यातल्या अभ्यासक्रमांचे चार भाग असतात. व्हिडिओ, वाचायचं साहित्य, चाचणी आणि चर्चा. त्या चौथ्या भागात वर्षानुवर्षं बसून एकेका मुलाच्या शंका सोडवणाऱ्याला मात्र वेगळा रकाना मला तरी सापडला नाही.

ही झाली कायम असणाऱ्यांची कथा. माझी ती सहकारी तासिका तत्त्वावर होती. दर वर्षी नव्यानं मुलाखत, आणि पगार घेतलेल्या तासांपुरता. पेपर तपासणं, शंका, फोन, सगळं त्याच पैशांत. लॉकडाऊनमध्ये तिनं स्वयंपाकघराच्या ओट्यावर डब्यांची चळत लावून त्यावर मोबाइल टेकवला आणि मिक्सर बंद असेल त्या वेळात बेचाळीस लेक्चर्स केली. नंतर वर्कलोड भरत नाही म्हणून तिला निरोप मिळाला. तिची लेक्चर्स होती, हे वर्कलोड न भरण्याचं कारण होतं का? सिद्ध करता येणार नाही. पण ती नसताना तिचे तास भागले, हे तर खरंच ना?

मी कायद्याचं पुस्तक काढून बसले. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे नोकरीचा भाग म्हणून केलेल्या लिखाणाचा पहिला मालक नोकरी देणारा असतो, वेगळा करार नसेल तर. तासिका तत्त्वावरची बाई यात नेमकी कुठं बसते, ते वकिलांनी सांगावं. पण याच कायद्यात 'परफॉर्मर' कोण, याची एक यादी आहे. नट, गायक, नर्तक, कसरत करणारा, जादूगार, गारुडी आणि व्याख्यान देणारी व्यक्ती! वाचून मी एकटीच हसले. गारुड्याच्या शेजारी बसायला माझी हरकत नाही. त्याचा खेळ त्याच्याशिवाय निदान चालत तरी नाही.

तंत्रज्ञान वाईट, असं माझ्या तोंडून निघणार नाही. त्या भिंतीकडच्या मुलीला मी वर्गात कधीच भेटले नसते. माझं भांडण हिशेबाशी आहे. २०२१च्या नियमांनी एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय 'स्वयम्'वरून करायची मुभा दिली, पूर्वी ती २० टक्के होती. खेड्यातल्या मुलीला देशातल्या उत्तम शिक्षकाचं व्याख्यान मिळालं तर मला आनंदच आहे. पण ते बघून झाल्यावर तिला अडलं, तर ती कुणाकडे जाणार? तिच्या गावातल्या कॉलेजात कुणी शिल्लक असेल ना?

निवृत्तीला आता चारच महिने उरलेत, त्यामुळे भीडही थोडी चेपलीय. गेल्या महिन्यात मी कॉलेजच्या बैठकीत तीन गोष्टी मांडल्या. ज्या रेकॉर्डिंगच्या बाजूला उत्तर देणाऱ्या शिक्षकाचं नाव नाही, ते मुलांना पाठवायचं नाही. त्या उत्तरांचा तास वेळापत्रकात दाखवायचा आणि तासिका तत्त्वावरच्यांना त्याचेही पैसे द्यायचे. आणि सोडून गेलेल्यांची लेक्चर्स वापरायची तर त्यांना विचारायचं, मोबदला द्यायचा. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग एक जण म्हणाले, "मॅडम, कल्पना चांगली आहे, पण हे वर्कलोडमध्ये दाखवायचं कसं?" चहा आला. मी अर्ज लेखी दिला, आवक क्रमांक घेतला.

संध्याकाळी तिला फोन केला. म्हटलं, निदान पहिल्या स्लाइडवरचा तुझा नंबर तरी काढून टाकते, माझ्याकडे पासवर्ड आहे.

थोडा वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, "राहू द्या मॅडम. पुढच्या आठवड्यात परीक्षा आहे त्यांची."